चिंचेपर्यंतचं खरं

फार फार जुन्या काळची गोष्ट. नदीच्या घाटावर एक म्हातारा नावाड्याशी बोलत बसला होता. तरुणपणी त्याने राजाची शर्यत जिंकली होती. तो म्हणाला, "रहाट भरभर तुडवला, की उतरल्यावर पाय आपसूक पळतात. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला, घाटावर पाणी भरत असलेली कोष्टिणीची शेजारीण थांबलीच नाही. बाई मायेची, पण तिच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. अर्धीच भरलेली घागर घेऊन ती तडक कोष्टिणीच्या दारात.

कोष्टिणीचा नवरा गडावर कैदेत होता. राजाच्या घोड्याला वाट द्यायला त्याने उशीर केला, एवढाच गुन्हा. त्या राज्यात वर्षातून एकदा शर्यत व्हायची. आधी नदी पोहायची, मग पायांनी रहाट तुडवून आपापली पाण्याची दगडी डोणी भरायची, मग धावत गड चढायचा. पहिला येईल त्याने एक कैदी सोडवून न्यावा, अशी रीत.

रहाटाला मडकी कोणती बांधायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. थोरल्या मडक्यांना जोर लागे, पण पाय संथ चालत. लहान मडकी हलकी, पण पाय भिंगरीसारखे फिरवावे लागत.

कोष्टिणीने सारा उन्हाळा थोरल्या मडक्यांवर सराव केला होता. मागाच्या पावड्या दाबून दाबून तिच्या पायांत तीच संथ लय मुरली होती.

"अगं, लहान मडकी बांध," शेजारीण म्हणाली. "जिंकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय मी. पाय आपसूक पळतात."

कोष्टीण जरा घुटमळली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही माझं वाईट कशाला चिंताल?" आणि तिने मडकी बदलली.

शर्यतीच्या दिवशी तिची डोणी सगळ्यांच्या बरोबरीने भरली. खाली उतरली ती सुसाट सुटली. पाय खरंच आपसूक पळत होते. चिंचेच्या झाडापाशी ती सगळ्यांच्या पुढे होती. शेजारीण ऊर भरून बघत होती.

चिंचेपासून चढ लागला. कोष्टिणीला पावलं आवरायची होती, पण रहाटावरची ती घाई पायांतून जाईना. ऊर फुटायला आला, पोटऱ्यांत गोळे आले. थोरली मडकी तुडवून आलेला एक धनगर बेताबेताने तिच्या पुढून निघून गेला. त्याने आपला भाऊ सोडवून नेला. कोष्टिणीचा नवरा गजांआडून बघत राहिला.

शेजारीण म्हाताऱ्यावर उखडली. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी पुढे म्हणालो होतो, 'पण ते पळणं चढावर पुरत नाही. ज्याला गड चढायचाय, त्याने सावकाश तुडवावं.' तोवर तुमची घागर वळणापार गेली होती."

संध्याकाळी ती भाकरी घेऊन कोष्टिणीकडे गेली. कोष्टीण मागावर बसली होती. पाय अजून भरभरच चालत होते आणि सूत पुन्हा पुन्हा तुटत होतं.

"खोटं नव्हतं हो ते, मावशी," मान वर न करता ती म्हणाली. "चिंचेपर्यंत खरं होतं."

भाकरी उंबऱ्यावरच राहिली.

तात्पर्य: अर्धी ऐकलेली गोष्ट माणसाला अर्ध्याच वाटेपर्यंत पोचवते.