अस्वलांसाठी घंटा

"…पण त्याच्यासाठी मी किती थांबायचं, आंजू-सान? त्यालाही काही मर्यादा असेलच ना?"

इसोगाईंनी हे विचारलं तेव्हा म्हाताऱ्या संन्यासिनीच्या हातात अर्धं सोललेलं पर्सिमनचं फळ होतं. त्यांनी मान वर केली नाही. केशरी साल कुठेही न तुटता सुरीखालून लांबलचक उतरत होती.

जपानच्या डोंगराळ भागातलं ते खेडं. चढावर एक चिमुकला मठ, आणि मठात या एकट्याच. अशा संन्यासिनीला तिकडे आदराने आंजू-सान म्हणतात. दीक्षेचं नाव म्योजुन होतं, पण त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"मग काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठेवून घ्या त्याला."

तो म्हणजे गोमा. पायरीखाली पहुडलेला कुत्रा. गोमा म्हणजे तीळ. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून गोमा. आपल्याकडे असता तर तिळ्या झाला असता. बोलणं आपल्याविषयी चाललंय हे त्याला कळलं असावं. त्याने कान टवकारले, डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं.

आंजू-साननी साल बाजूला ठेवली आणि दुसरं फळ हातात घेतलं.

इसोगाईंनी उभा जन्म ओसाकाच्या एका कारखान्यात काढला होता. कोणत्या कामगाराला एक स्क्रू पिळायला किती वेळ लागतो, ते मागे उभं राहून घड्याळावर मोजायचं, हे त्यांचं काम. वेळ वाचवता वाचवता लग्न करायचं राहून गेलं, मित्र जोडायचे राहून गेले. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा हाताशी वेळच वेळ होता, आणि तो कुणासाठी वाचवून ठेवला होता तेच आठवेना.

मग त्यांनी छंदांचा सपाटा लावला. शाईची चित्रं काढली, बासरी फुंकली, गळ टाकून नदीकाठी बसले. प्रत्येक ठिकाणी थोड्याच दिवसांत शिकवणाऱ्याला विचारायचे, माझा नंबर कितवा? इथे नंबर नसतो म्हटलं की छंद बंद. आंजू-सानकडे ध्यानालाही येऊन बसले. डोळे मिटलेले, पण कान सगळे ध्यान संपल्याच्या घंटेकडे. आंजू-साननी ते पाहिलं होतं.

शेवटी हाती लागली ती सायकल. म्हणजे परत लागली. शाळेत असताना याच गावातून ते खिंडीपर्यंत सायकल मारत जायचे. खिंडीतून पलीकडचा समुद्र दिसायचा. ओसाकाला गेल्यापासून पाय पायडलला लागला नव्हता. त्यांनी एक जुनी सायकल विकत आणली, भातशेतांमधल्या रस्त्यावर भरपूर झोकांड्या खाल्ल्या, आणि पहिला उतार लागला तसे हे गृहस्थ चक्क मोठ्याने ओरडले. आनंदाने. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी ओशाळून मागे पाहिलं, तर एक ठिपक्यांचा कुत्रा जीव तोडून मागून धावत येत होता.

कुत्रा एका शिकाऱ्याचा. शिकारी मुलाकडे शहरात राहायला गेला आणि कुत्रा गावातच राहिला. त्या दिवसापासून तो इसोगाईंचा झाला. रोज सकाळी सायकल पुढे, गोमा मागे. सगळ्या नोकरीत जो सोबती भेटला नाही तो उतारवयात आपल्या पायांनी चालत आला, आणि खरं सांगायचं तर इसोगाई सुखी झाले.

पण सवय कुठे जाते? त्यांनी हँडलवर वेग दाखवणारं एक छोटं यंत्र बसवलं. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत, शाळकरी वयात जेवढ्या वेळात चढायचो तेवढ्याच वेळात चढून दाखवायचं, असं ठरवलं. कुणाला दाखवायचं, ते विचारू नका.

आणि नेमके गोमाचे डोळे गेले.

इसोगाईंनी आंजू-सानना सगळं सांगितलं. दोरी बांधली की गोमा बसकण मारतो. जन्मात कधी त्याच्या गळ्यात दोरी पडलेली नाही. चालत फिरायला नेलं तर थोडं पुढे जाऊन मागे वळतो आणि सायकलपाशी जाऊन बसतो. घरात कोंडून एकटे गेले तर दिवसभर दाराशी पडून राहतो, जेवणाला तोंड लावत नाही. आणि सायकलबरोबर नेला तर…

इसोगाई थांबले.

"तर?"

"काल पाटात पडला."

शेतांच्या कडेने सिमेंटचा खोल पाट वाहतो. इसोगाई नेहमीसारखे जोरात पुढे निघून गेले होते, वळणावर थांबले होते, आणि तिथून त्यांनी हाक मारली होती. रस्ता शेताला वळसा घालून येतो. हाक मात्र सरळ गेली. गोमाही हाकेच्या रोखाने सरळ धावत सुटला, आणि मध्ये पाट होता.

"बाहेर काढला तेव्हा थरथरत होता," इसोगाई म्हणाले. "आणि शेपूट हलवत होता. हाक मी मारली होती, आंजू-सान."

सोललेली फळं आंजू-साननी एकेक करून दोरीला बांधली. वळचणीला अशा माळा वाळत होत्या. ही फळं ताजी खाल्ली तर तुरट, जीभ आखडते. वाळली की खारकेसारखी गोड होतात.

इसोगाईंना राहवेना.

"ही गोड व्हायला किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं.

"गोड होईपर्यंत."

पायरीखाली गोमाने एक सुस्कारा सोडला.

"ठेवा त्याला," आंजू-सान म्हणाल्या. "पण आधी माझं एक काम करा."

काम साधं होतं. देवदारांच्या रानापलीकडे तोमे-सान नावाच्या म्हातारबाई राहत. त्यांना आता झाडावर चढवत नसे, म्हणून मठाच्या झाडाची त्यांच्या वाटणीची फळं दरवर्षी कुणीतरी नेऊन द्यायचं. आंजू-साननी टोपली काढून दिली. मग दारामागच्या खुंटीवरून एक पितळी घंटा काढली. मुठीत मावेल एवढी.

"ही हँडलला बांधा. अस्वलांचे दिवस आहेत."

शरद ऋतूत अस्वलं फळांच्या वासाने खाली उतरतात. रानात जाणारा माणूस अंगावर घंटा बांधतो, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागते, ते दचकत नाही आणि आपणहून बाजूला होतं.

"या रानात अस्वलं आहेत?"

"मी तरी पाहिलेली नाहीत."

"मग घंटा कशाला?"

आंजू-साननी घंटा तशीच पुढे धरून ठेवली. इसोगाईंनी ती घेतली.

निघताना त्यांनी गोमाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. फिरवला असता तर पाय निघाला नसता. आंजू-सान पायरीवर बसून त्याच्या मानेवर हात ठेवून होत्या, एवढं त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग सायकल उतारावर घातली. घंटा किणकिणायला लागली.

बरोबर केलं, असं ते स्वतःला सांगत होते. मठात त्याला ऊब मिळेल, वेळच्या वेळी भात मिळेल, पाट तर तिथे नाहीच. उतार संपला. वाटसरूंची राखण करणारा दगडी जिझो, गळ्यात लाल लाळेरं घालून, रस्त्याच्या कडेला उभा होता. तिथे त्यांना मागून आवाज आला. डांबरावर नखं वाजत होती.

त्यांनी वळून पाहिलं.

गोमा येत होता. मान खाली, कान पुढे, अगदी रस्त्याच्या मधोमध. वर, दूर मठाच्या पायरीवर आंजू-सान उभ्या होत्या. दोन्ही हात बाह्यांमध्ये घातलेले.

इसोगाईंनी करकचून ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

घंटा थांबली. गोमाही थांबला. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग पुढचा एक पाय उचलून बाजूला टाकायला लागला… त्या बाजूला रस्ता नव्हता. खाली पाटाचं पाणी वाजत होतं.

हाक इसोगाईंच्या ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली, आणि हाकेऐवजी पायडल मारलं.

किण…

गोमाचा पाय मागे आला. नाक घंटेकडे वळलं.

पुढची वाट इसोगाईंनी कशी काटली ते त्यांनाच माहीत. जरा जोर लावला की घंटा दूर जायची, गोमा धावायला लागायचा आणि वळणावर त्याचा अंदाज चुकायचा. थांबलं की घंटा मुकी. सायकल पडणार नाही आणि घंटा थांबणार नाही, एवढ्याच बेताने पाय चालवायचे. हँडल डुगडुगत होतं, मांड्या भरून आल्या होत्या. कारखान्यात असा संथ कामगार दिसता तर इसोगाईंनी त्याला त्याच दिवशी दुसऱ्या कामाला लावलं असतं. पण रस्ता जिकडे वळे तिकडे घंटा वळे, आणि घंटा वळे तिकडे गोमा.

शेतात कापणी करणारा एक ओळखीचा माणूस कमरेवर हात ठेवून बघत राहिला. पंक्चर झालंय का, असं त्याने ओरडून विचारलं.

"नाही," इसोगाई म्हणाले. "सोबत आहे."

रानात शिरल्यावर थंडावा आला. देवदारांखाली दुसरा कसलाच आवाज नव्हता. पुढे घंटा, मागे नखं, मध्ये इसोगाई. मागच्या नखांची लय चुकली की त्यांचा पाय आपोआप हलका व्हायचा. गोमा दमलाय हे त्यांना न बघता कळत होतं. इतके दिवस तो मागून धावत यायचा, पण तो धावताना कसा आवाज येतो हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तोमे-साननी फळं घेतली, चहा दिला, गोमापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. एवढा वेळ कसा लागला, असं त्यांनी विचारलं नाही. परतताना रानात एक छोटा उतार लागला. इसोगाईंना पहिल्या दिवशीसारखं ओरडावंसं वाटलं. पण ते ओरडले नाहीत. घंटा ऐकू आली नसती.

मठाशी पोचले तेव्हा दिवस कलला होता. चढावर ते सायकल हातात धरून चालत आले होते, आणि गोमा चालत्या सायकलमागे मुकाट्याने आला होता. आंजू-साननी शेवटची माळ वळचणीला टांगली होती आणि त्या नुसत्याच बसल्या होत्या.

इसोगाईंनी हँडलवरच्या यंत्राकडे पाहिलं. ते केव्हाच झोपी गेलं होतं. इतक्या हळू जाणारा माणूस चालतोय हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

"याची वळकटी आतल्या खोलीत टाकू का?" आंजू-साननी गोमाकडे बघत विचारलं.

इसोगाईंनी मान हलवली. "नाही. घरी नेतो."

आंजू-साननी बरं म्हटलं.

गोमा त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकून तिथेच पसरला. लगेच झोपलाही. बुटांवर त्याच्या श्वासाची ऊब लागत होती.

"पण आंजू-सान… या चालीने बर्फाच्या आत खिंड काही गाठता येणार नाही."

"नाही येणार."

"तिथून समुद्र दिसायचा."

इसोगाईंनी पाय न हलवता, वाकून, हँडलची घंटा सोडली. झोपलेल्या कुत्र्याला जाग येऊ नये म्हणून बोटांनी आतला लोलक दाबून धरला, आणि घंटा दोन्ही हातांनी आंजू-सानपुढे केली.

आंजू-सान उठल्या. पायांत सपाता सरकवून खाली उतरल्या. घंटा घेतली, सायकलपाशी गेल्या आणि फळांच्या माळेच्या दोरीने ती पुन्हा हँडलला बांधायला लागल्या. गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

"असू दे तिथेच," त्या म्हणाल्या. "अस्वलांनाही कळू दे… कुणीतरी सावकाश येतंय."