कबुतरांच्या शिकारीचा ऋतू

एका राज्यात डोंगराच्या पोटात खजिना होता आणि खजिन्याच्या दाराला तोंड होतं. होय, तोंड! माना कसल्या हलवता? ऐका. जो कोणी समोर उभा राही त्याला ते दार एकच विचारी, "कबुतरांच्या शिकारीला वर्षातला सर्वांत चांगला काळ कोणता?" चुकेल तो जागच्या जागी दगड होई. बरोबर उत्तर आलं की दार उघडेल आणि दगड झालेले पुन्हा माणसं होतील, असा एका मांत्रिकाचा शाप होता. मांत्रिक केव्हाच मेला, शाप काही मेला नाही.

राजा अरिमर्दनाला खजिन्याची हाव सुटली. स्वतः दारापुढे जायची छाती नव्हती, म्हणून त्याने मुख्य शिकारी हंबीर याला पुढे केलं. हंबीर छाती फुगवून म्हणाला, "उन्हाळा! आकाश निरभ्र, झाडं उघडी. आणि आमच्या शिकारखान्याचा रिवाज आहे, मादीला बाण लावायचा नाही, फक्त नर मारायचा. पिलांना आई राहते, पाप लागत नाही." शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि हंबीराचा दगड झाला.

त्याची बायको सावरी तडक दरबारात आली. तीही शिकारखान्यातलीच, नेमबाजीत नवऱ्याला भारी.

"महाराज, दाराला उत्तर मी देईन. खजिना तुमचा, नवरा माझा."

"आणि चुकलीस तर?"

"तर त्याच्या शेजारी उभी राहीन. पण अंदाजाने बोलणार नाही. तिन्ही ऋतू डोळ्यांनी बघेन, मग बोलेन."

पावसाळ्यात ती कबुतरांच्या कड्यावर चढली. नर समजून बाण लावला तशी कपारीतली कबुतरी बोलली, "बाई, माझ्या पोटाखाली अंडी आहेत. मी गेले तर गार पडतील." सावरीने बाण उतरवला.

हिवाळ्यात ती पुन्हा चढली. तीच कबुतरी म्हणाली, "बाई, ही दुसरी वीण. पिलांना अजून पिसं फुटली नाहीत." सावरी परत आली.

राजा खवळला. "रिकाम्या हातांनी आलीस?"

"हात माझे आहेत, महाराज."

उन्हाळा आला. आता राजा स्वतः शिपाई घेऊन कड्याखाली उभा राहिला. दूरवरून एकटाच नर उडत आला. राजा ओरडला, "नर आहे! सोड बाण!" सावरीने दोरी कानापर्यंत ओढली. नर कपारीत उतरला. दोन उघडी पिलं त्याच्या चोचीत चोच खुपसून गटागटा काहीतरी पांढरं पिऊ लागली.

"हे काय पाजतोस रे?" सावरीने विचारलं.

"दूध," नर म्हणाला. "आमच्यात बापाच्याही गळ्यात दूध येतं. यांच्या आईला काल ससाण्याने नेलं. मीच उरलोय."

सावरीच्या हातातली दोरी ढिली पडली. अरे देवा! पिढ्यान्‌पिढ्या नर मारले आणि वर पुण्य केल्याच्या गप्पा मारल्या! ती तिथेच कड्यावर बसून ढसाढसा रडली. मग उठली, गुडघ्यावर धनुष्य मोडलं आणि तरातरा दाराकडे चालू लागली. राजा मागून धापा टाकत ओरडत होता, "अगं, कुठला तरी ऋतू सांग! नवरा हवाय ना?"

दाराने विचारलं, "कबुतरांच्या शिकारीला वर्षातला सर्वांत चांगला काळ कोणता?"

सावरीने आधी हंबीराच्या दगडी गालावरून हात फिरवला. तिला वाटलं, हा शेवटचाच. नवरा हवा होता हो तिला, फार हवा होता. तरी ती दाराकडे वळून कडाडली, "पावसाळ्यात अंडी, हिवाळ्यात पिलं, उन्हाळ्यात बापाच्या गळ्यात दूध. तुला ऋतू हवाय? नाही देत, जा! असा काळ वर्षात नाही. कर मला दगड, पण माझ्या तोंडून खोटं निघणार नाही!"

दार करकरलं. मग म्हणालं, "एवढंच ऐकायला थांबलो होतो." आणि उघडलं. राजा सोन्याकडे धावला. सावरीने तिकडे पाहिलंही नाही, कारण तिच्या हाताखालचा गाल ऊबदार झाला होता. हंबीराने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"उन्हाळाच ना?"

"घरी चल," सावरी म्हणाली, "सांगते तुला उन्हाळा."

राज्य पुन्हा मार्गी लागलं. रिवाजाप्रमाणे दरसाल शिकारखान्याचा नगारा वाजतो आणि हंबीर दवंडी देतो, "यंदा कबुतरांच्या शिकारीला ऋतू नाही हो!" एकदा राजाने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी तरी?"

सावरी म्हणाली, "पुढच्या वर्षीही उत्तर मीच देणार आहे, महाराज."

कबुतरं कपारीत निजली, राजा गादीवर निजला. तुम्हीही निजा आता.