दुसऱ्यांदा नदीपार

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची ते मला विचारू नका, कारण त्या राज्यात लोकांचं लक्ष दिवस मोजण्यापेक्षा दवंडी ऐकण्याकडे जास्त असे. हलगी वाजली आणि दवंडीवाल्याने काही सांगितलं, की ते खरं. एकदा त्याने तळं भरल्याची दवंडी दिली. लोक घागरी घेऊन गेले, कोरडं तळं पाहून परत आले, आणि तरी तळं भरलंय असंच एकमेकांना सांगत राहिले. लहानांनो, हसू नका. मोठी माणसं असं करतात.

त्या राज्यात नदीकाठच्या गावात एक पाथरवटीण राहत होती. घरोघरच्या जात्यांना टाकी लावणं हे तिचं काम. जातं दळून दळून गुळगुळीत होतं आणि मग पीठ जाडंभरडं पडायला लागतं. पाथरवटीण येऊन छिन्नी-हातोडीने त्या दगडावर बारीक खाचा पाडून द्यायची, की जातं पुन्हा झकास दळायचं. हाताबरोबर तिचं तोंडही चाले, त्यामुळे ती ज्या घरी जाई तिथे शेजारणी गोळा होत.

एका वर्षी तिच्या मनावर मळभ आलं. घरात भांडण नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, सगळं होतं तसंच होतं. पण जेवण बेचव लागायला लागलं, हातोडी उचलवेना, आणि तिचंच मन तिला दिवसभर सांगत राही, "तू कुणाच्या कामाची नाहीस." तीन महिने तिने उंबरा ओलांडला नाही. शेवटी नवऱ्याने तिला खाटेवर घालून नावेतून पैलतीरावर नेलं. तिथे एक म्हातारी वैदीण राहत होती.

ही वैदीण काढा देत नसे की अंगारा लावत नसे. ती समोर बसवून बोलायला लावी. मन काय काय म्हणतं ते मोठ्याने सांगायला लावी, आणि मग विचारी, "हे खरं आहे असं तुला कुणी सांगितलं?" दर आठवड्याला एक दिवस यायचं. किती आठवडे, असं विचारलं की म्हणे, "मी पुरे म्हणेपर्यंत."

हळूहळू पाथरवटीण हसायला लागली. तिला भूक लागायला लागली. तेवढ्यात सुगी आली, नवं धान्य घरात पडलं, आणि गावभरची जाती टाकीसाठी खोळंबली. "आता काय झालंय तुला? चांगली तर आहेस," असं जो तो म्हणू लागला. तिलाही ते पटलं. वैदिणीने पुरे म्हटलं नव्हतं, तरी तिने जायचं सोडलं. गावाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, हलगी वाजली, आणि दवंडी झाली, "ऐका हो ऐका, पाथरवटीण बरी झाली!"

दीड वर्ष सरळ गेलं. मग एका सकाळी तिला भाकरी मातीसारखी लागली. दुसऱ्या दिवशी हातोडीचा घाव चुकला. तिसऱ्या दिवशी शेजारणीने हाक मारली तेव्हा तिने दार उघडलं नाही, आणि दाराआड उभी असतानाच तिला कळलं की हे पुन्हा आलंय. मागचे तीन महिने आठवून तिला रडू फुटलं. मन म्हणालं, "अर्धवट सोडून पळालीस. आता कुठल्या तोंडाने जाशील?"

दोन दिवस तिने मनाचं ऐकलं. मग मात्र तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग फार चांगला होता. तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, मळभ परत येतंय. मला वैदिणीकडे जायचंय."

नवरा भला होता, पण भित्रा होता. तो म्हणाला, "अगं, दवंडी झालीय."

"मग?"

"एकदा बरं झालेलं माणूस परत पलीकडे गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पाटलांना विचारायला हवं."

पाथरवटीण स्वतःच चावडीवर गेली. भर सकाळी, गाव जमलेलं असताना गेली. पाटलाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दवंडी राजाच्या नावाने झाली. तू बरी आहेस. आता आजारी पडायचं म्हणजे राजाला खोटं पाडायचं. घरी जा, कामाला लाग, मन रमेल."

"पाटील, तुमच्या घरच्या जात्याला मी टाकी कधी लावते?"

"दर वर्षी लावतेस."

"गेल्या वर्षी लावली तेव्हा जातं चांगलं झालं नव्हतं?"

"झालं होतं की. पण रोज दळायचं म्हटल्यावर दगड गुळगुळीत होणारच."

"मग त्याला तुम्ही कधी म्हणालात का, की मेल्या, गेल्या वर्षी बरा झालास, आता गुमान दळ?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाटील चिडला. "दगडाची गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी."

"वेगळीच आहे," ती म्हणाली. "दगडाला तुम्ही वर्षाच्या वर्षाला बघता. मला एकदा बघितलंत आणि हात झटकलेत. मागच्या वेळी मी मरता मरता वाचले, पाटील. वैदिणीने पुरे म्हणायच्या आत मी जायचं सोडलं, ही चूक माझी. ती मीच निस्तरणार. राजाला काय खोटं पडायचं ते पडू दे."

पाटलाने नावाड्याला बजावलं, की हिला नावेत घ्यायचं नाही. नावाड्याने खाली बघत मान डोलावली. या पाटलाचा मला अजून राग येतो. तो दुष्ट असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याला मनापासून वाटत होतं की तो तिचं भलंच करतोय.

नदीला वरच्या अंगाला उतार होता, तीन कोसांवर. तिथे कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे जाता येई. पाथरवटिणीने पदर खोचला आणि ती चालायला लागली. मळभ असताना तीन कोस म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. दर दहा पावलांवर मन म्हणे, "बस इथेच. कशाला जातेस?" ती मोठ्याने उत्तर देई, "तू बोल. मी चालतेय." वाटेवरच्या गुराख्यांना वाटलं, बाई वेडी झाली. वाटू दे.

गावाची शीव ओलांडली तेव्हा मागून कुणीतरी धापा टाकत आलं. नवरा होता. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. "लोक काय म्हणतील ते म्हणू देत," तो म्हणाला. "मला उशीर झाला, त्याचा राग मानू नकोस." तिने राग मानला नाही असं नाही, पण भाकरी घेतली, आणि उतारापर्यंत तो तिच्या बरोबरीने चालला.

ऊन कलायच्या सुमाराला ती ओल्या लुगड्याने वैदिणीच्या अंगणात उभी राहिली. वाटेत तिने माफीचे पुष्कळ शब्द जुळवले होते. ते सगळे विसरून ती एवढंच म्हणाली, "आजी, मी मधेच सोडलं होतं. पाच दिवस झाले, मळभ परत आलंय."

"माहीत आहे. बस."

"तुम्ही रागावला नाहीत? सगळं पहिल्यापासून करावं लागणार."

"पहिल्यापासून कशाला, पोरी? मागच्या खेपेला तुला तीन महिन्यांनी खाटेवर घालून आणलं होतं. या खेपेला पाच दिवसांतच तुझं तुला ओळखता आलं, आणि तू आपल्या पायांनी आलीस. इथे शिकलीस ते गेलं कुठे? ते वापरूनच तर आलीस."

पाथरवटीण तिथेच अंगणात बसली आणि पोटभर रडली. मग पोटभर बोलली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उताराकडे निघाली, तर काठावर नावाडी नावेचा दोर सोडून तयार होता. "बसा बाई," तो म्हणाला.

"पाटलांनी नको म्हटलंय ना, दादा?"

"म्हटलंय." त्याने वल्हं पाण्यात घातलं. नदीच्या मध्यावर आल्यावर म्हणाला, "मी बरा झाल्याची दवंडी नऊ वर्षांपूर्वी झाली, आणि मळभ परत आलं. रोज दहा माणसं त्या तीराला पोचवतो. पण नाव लावून वैदिणीच्या अंगणापर्यंत जायची माझी हिंमत झाली नाही. आज तुमच्याबरोबर येऊ का?"

ती सरकून बसली आणि म्हणाली, "चला."

वैदिणीने पुरे म्हणेपर्यंत दोघं जात राहिली. त्या वर्षी गावातली आणखी पाच माणसं दुसऱ्यांदा नदीपार गेली, आणि त्यांतली एक पाटलाची बायको होती. पाटील चावडीवर बसून नाव जाताना बघत राहिला. माणूस बरं झाल्याची दवंडी त्या गावात पुन्हा कुणी दिली नाही.

म्हणून लक्षात ठेवा: दुखणं परतलं तर लाजून दाराआड बसू नका, अर्धवट सोडलेल्या उपचाराकडे ताठ मानेने परत जा.