हनुवटीवरचा ठिपका

एकदा एका बाजारपेठेच्या गावी पौषातलं धुकं असं उतरलं, की उन्हं वर आली तरी समोरच्या दुकानाची पाटी वाचता येईना. अशा सकाळी भांड्यांचा एक व्यापारी कॅमेऱ्याचं कार्ड मुठीत धरून, फोटो छापणाऱ्या एका वृद्धाच्या दुकानाची पायरी चढला. त्याची पत्नी गेली होती. दुसऱ्या दिवशी तेरावा होता, आणि हार घालायला तिचा एकही फोटो घरात भिंतीवर नव्हता.

"दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसली पाहिजे," तो म्हणाला. "चांगला दोन हात उंच करा. कागद उत्तम लावा."

वृद्धाजवळ एक शिष्य होता. शहरात राहून संगणकाचं काम शिकून आलेला, हाताचा चपळ. त्याने कार्ड लावलं. फोटो उदंड होते. दुकानाचं उद्घाटन, नवी गाडी, गोदाम चारही बाजूंनी. पत्नी असली तर कडेला, वाढताना, पाठमोरी. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या एका घोळक्यात तिचा चेहरा समोरून सापडला, नखाएवढा.

शिष्याने तो मोठा केला आणि थांबला. चेहऱ्याचे नुसते चौकोन चौकोन झाले होते.

"शेठ, कॅमेरा फोटोच्या सगळ्यात लहान मापावर कुणी ठेवला?"

"मीच. बघ की किती मावलेत. दुसरं कार्ड म्हणून घ्यावं लागलं नाही आजवर."

"भांडी शेकडो, पण पत्रा पातळ," वृद्ध हळूच म्हणाला.

व्यापाऱ्याला ते लागलं. पण गरज त्याची होती.

शिष्य मात्र हार मानणारा नव्हता. "अण्णा, कमी पडतं ते आता संगणक भरून काढतो," म्हणाला, आणि कामाला लागला. दुपार कलली तेव्हा यंत्रातून भलामोठा फोटो बाहेर आला. गाल गुळगुळीत, डोळ्यांत चमक, ओठांवर किंचित हसू. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

"सुरेख. हाच द्या."

वृद्धाने तो दाराच्या उजेडात नेला. मग पडद्यावरच्या त्या नखाएवढ्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"इथे हनुवटीवर ठिपका आहे."

"डाग आहे तो, अण्णा. लहान फोटोत पडतात तसे. मी पुसला."

"फोटोचा डाग, की बाईंचा तीळ?"

"ते मला कसं कळणार?"

"तेही खरंच. शेठना विचार."

व्यापारी सांगायला गेला. त्याने डोळे मिटले. ताट वाढणारा हात आठवला, बांगड्या आठवल्या, ओट्याशी वाकलेली पाठ आठवली. हनुवटी काही केल्या येईना. उलट जे तोंड समोर येत होतं ते आत्ताच पाहिलेलं, गुळगुळीत.

"असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "नसेलही."

वृद्धाने तो मोठा फोटो मधोमध फाडला.

"हे काय केलंत," व्यापाऱ्याचा आवाज चिरकला. "माझं माणूस गेलंय. एवढंही देववत नाही तुम्हाला?"

"बसा, शेठ. कागद, शाई, माझ्याकडून कसूर व्हायची नाही. पण फोटो उत्तम व्हायचा तो टिपतानाच होतो. पातळ पत्र्याचा तांब्या ठोकून ठोकून हंडा होतो का? फाटतो. मग भोकाला दुसरा पत्रा लावायचा. याने तेच केलं. ते गाल कुणाचे, ते हसू कुणाचं, याला माहीत नाही, यंत्रालाही नाही. तुम्ही रोज त्या परक्या बाईला हार घालाल, आणि जी थोडी आठवतेय तीही जाईल. जे टिपलंच नाही ते मला छापता येत नाही. कुणालाच येत नाही."

"मग मी करू काय?"

"जेवढी आहे तेवढी घेऊन जा."

आणि त्याने आपल्याकडच्या सगळ्यात जाड कागदावर तळहाताएवढा फोटो छापला, ठिपक्यासकट. शिष्याने आपण होऊन कडा नीट कापून दिल्या.

व्यापारी घराशी आला तेव्हा शेजारच्या मैनाबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. त्याच्या पत्नीची त्यांच्याशी रोजची ऊठबस. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, आणि तो एवढासा फोटो दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांजवळ धरला. व्यापाऱ्याला राहवलं नाही.

"वहिनी, तिला हनुवटीवर तीळ होता का हो?"

मैनाबाईंनी मान वर केली नाही.

"तीळ नव्हे, भाऊजी. पुतण्याच्या त्या लग्नाआधीच्या दिवाळीत तळताना तेल उडालं होतं, त्याचा चट्टा आहे. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, अनारसे जरा लाल झालेत."