खुरपं आणि कोपऱ्यातलं रोप

फार पूर्वी एका परसात शेणखतावर भांग वाढत असे. नर रोपं उपटली की माद्यांचा फुलोरा बी न धरता दाट येतो, हे खुरप्याला ठाऊक होतं. त्यानं सगळे नर उपटले. कोपऱ्यात एकच उरला.

"दादा, एवढा राहू दे," शेजारची मादी म्हणाली. "पुढच्या वर्षाला बी कुठून धरू?"

"मला शिकवू नकोस. माझ्या हातून आजवर काही सुटलेलं नाही." खुरप्यानं तोही उपटला.

फुलोरा दाट आला. खुरपं फुशारलं.

पुढच्या वर्षी वाफा तयार झाला, पण बियांचं गाडगं रिकामं होतं.

"दादा, यंदा काय उपटणार?" गांडुळानं विचारलं.

खुरपं शेवटचा नर उपटला होता तिकडे वळलं. त्या कोपऱ्यात एक तण उगवलं होतं. ते तणच आहे हे खुरप्यानं ओळखलं, पण या वेळी उपटलं नाही.