रांजणाचा पहिला पेला

“पण महाराज, तुम्ही एक पेला प्यालात तर तुमचं काय बिघडणार आहे?”

श्रीरंग दुसाने फिरून फिरून तेच विचारत होता. दुसाने म्हणजे गावच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. हुशार माणूस, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलं ठाऊक.

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून रिकाम्या रांजणाला ओलं फडकं गुंडाळत होते.

बंद पडलेल्या एका रंगाच्या कारखान्यानं गावाखालचं पाणी नासवलं होतं. कित्येक वर्षं गाव टँकरवर जगत होतं. दुसान्यानं ते पाणी उपसून, गाळून, शुद्ध करून पुन्हा जमिनीत सोडण्याचं यंत्र बसवलं. रात्रीचा दिवस केला. आता काम फत्ते झालं म्हणून यंत्र थांबवलं होतं, आणि उद्या सकाळी विहिरींचं पाणी थेट नळांना सुटायचं होतं. मंत्री यायचे होते.

पण गाव पाण्याला हात लावायला तयार नव्हतं. दुधानं तोंड पोळलेली माणसं, ताकही फुंकून पिणार. महाराज प्याले, तर मात्र सगळे पितील.

“तपासणीत काय निघालं?”

“एकदम शुद्ध.”

“मग तोंड का उतरलंय तुझं?”

“झोप नाही, महाराज.”

हे खरं होतं. झोप का नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

महाराजांनी त्यानं सोबत आणलेल्या पाण्याच्या कॅनकडे पाहिलं.

“ओत रांजणात. इथली रीत माहीत आहे ना? रांजण भरणाऱ्यानं पहिला पेला प्यायचा.”

दुसाने हसला. एवढंच ना? त्यानं कॅन ओतला, पेला बुडवला आणि घटाघटा रिकामा केला.

“झालं. आता तुम्ही.”

“मठातल्यानं शेवटी प्यायचं. आधी वाटसरू.”

“वाटसरू कुठनं आणू आता?”

“येईल की…”

दोघं बसून राहिले. खरंच, फाट्याकडून एक बाई आली. एसटी चुकलेली, कडेवर उन्हानं मलूल झालेलं पोर.

“बाबा, लेकराला घोटभर पाणी द्या.”

महाराजांनी रांजणात पेला बुडवून तिच्या हाती दिला.

दुसाने बघत राहिला. बाईनं पेला पोराच्या ओठांशी नेला…

दुसान्याचा हात कधी पुढं गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पेला त्याच्या मुठीत आला होता आणि पाणी ओट्यावर सांडलं होतं.

“थांबा, ताई. हे नको.”

बाई भेदरली. महाराजांनी आत जाऊन माठातलं टँकरचं पाणी आणलं. पोर प्यालं, बाई प्याली, आपल्या वाटेनं गेली.

“शुद्ध म्हणालास.”

“तपासणी खोटी नाही, महाराज.” दुसाने खाली बसला. “पण ती यंत्र चालू असतानाची आहे. यंत्र थांबवल्यावर काही महिने वाट बघून पुन्हा तपासावं लागतं. खडकात मुरलेलं विष हळूहळू परत पाझरतं… कधी पाझरतं, कधी नाही. मी तपासलं नाही. तारीख ठरून गेली होती.”

“आणि हे पाणी?”

“आज सकाळी विहिरीतून काढलेलं.”

“तू तर प्यालास.”

“माझं काय… एका पेल्यानं मला काय होतंय.”

गावातून आवाज आला. उद्याच्या समारंभाच्या मांडवात कुणीतरी लाऊडस्पीकर लावून बघत होतं. हॅलो, हॅलो.

दुसान्यानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

“सगळं ठरलंय, महाराज. आता माघार घेतली तर लोक मला उभं करायचे नाहीत. मला भीती वाटते… काय करू मी?”

महाराजांनी रांजण आडवा केला. पाणी ओट्यावरून वाहून गेलं. मग त्यांनी दुसान्याच्या मुठीतला पेला सोडवून घेतला आणि रांजणाजवळ पालथा घातला.

“इथं तुझा हात पोचला. गावात नळ किती आहेत रे?”