माईआजीचा दहावा

सुनीती गवार मोडत बसली होती, तेव्हा निर्माते दिघेसाहेबांचा फोन आला. "मालिकेतली माईआजी मारा. लोक रडले पाहिजेत! आणि दहावा साग्रसंगीत दाखवा, आपल्याकडे रीत चुकत नाही."

माईआजीच्या तोंडी सुनीती आपल्या गेलेल्या आईचीच वाक्यं घालत असे. ती शांतपणे म्हणाली, "मारते. पण पिंडाला कावळा शिवायचा तर आजीची इच्छा आधी पुरी व्हायला हवी."

"कसली इच्छा?"

"नातवाचं लग्न डोळ्यांनी बघायची. पहिल्याच भागात तुम्ही घालायला लावलीत."

"मग उडवा लग्नाचा बार!"

"साहेब, नातू बालवाडीत आहे."

साहेब म्हणाले, "बरं, जगू दे म्हातारीला."

सुनीतीच्या आईच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. तिची कोणती इच्छा होती, हे विचारायचं राहूनच गेलं.